लो व्होल्टेजला मोटर जळते

लॅपटॉपच्या पंख्यात धूळ कधी साठते ते कुणाला दिसत नाही. दोन वर्षांनी मागचं झाकण काढलं की आत गोधडीसारखा थर निघतो आणि मालक विचारतो, "एवढी? माझ्या घरात?" दुकानातल्या किश्शांचं तसंच आहे. रोज कुणीतरी येतं, काहीतरी येडपटासारखं बोलून जातं, आपण विसरतो. मग कधीतरी गप्पांना बसलो की थरच्या थर निघायला लागतात. आता बसलोच आहोत तर ऐका. घाई असेल त्यानं उठावं, मी थांबवणार नाही.

आधी दुकान सांगतो. कासारवाडीला स्टेशनच्या बाजूला आमचा एक गाळा आहे. चाळीस वर्षं मी तिथं मोटर रिवायंडिंग केलं. जळकी मोटर यायची, आतली तार उपटायची, नवी भरायची, वार्निश मारायचं, पाठवून द्यायची. शिक्षण चौथी. पण भोसरीतल्या निम्म्या कंपन्यांच्या मोटरी माझ्या हाताखालून गेल्यात. मग डोळ्यांनी दगा दिला, बारीक तार दिसेना. माझी सून रेश्मा, मूळची लातूरकडची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. तिनं त्याच गाळ्यात लॅपटॉप दुरुस्ती सुरू केली.

मुलगा नितीन चाकणला एका कंपनीत लाइनवर आहे. त्यानं बायकोला सांगून ठेवलेलं, "दिवाळीपर्यंत बघू. जम बसला तर ठीक, नाहीतर शटर खाली. आमच्या कंपनीत असेंब्लीला बायका घेतायत. पहाटेची बस दारात येते."

रेश्मा म्हणाली, "मला बसची खिडकी नको. माझं टेबल पाहिजे."

झालं. दिवाळीपर्यंतची मुदत. पुढचं सगळं त्या मुदतीतलं आहे.

*

पहिला किस्सा माझाच. दुसऱ्यांची अक्कल काढायची तर सुरुवात घरापासून करावी.

गेम खेळणारे आणि डिझाइन करणारे, ह्यांच्या लॅपटॉपमध्ये चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं. ते तापतं तव्यासारखं. जास्त तापलं की लॅपटॉप आधी रेंगाळतो, मग काम चालू असताना धाडकन बंद पडतो. रेश्मा आधी धूळ काढते, चिपेवरची ताप ओढून घेणारी पेस्ट बदलते, आणि मग स्क्रीनवर एक रेष खालीवर करून त्या कार्डाला जाणारं व्होल्टेज उतरवते. ही तिची खासियत.

मोशीचा एक डिझायनर आला होता. रेश्मा त्याला म्हणाली, "ह्याचं व्होल्टेज जरा कमी करून देते."

मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो. ताडकन उठलो. "अरे, उचल तो आणि पळ! लो व्होल्टेजला मोटर जळते! जळक्या मोटरींवर संसार केलाय मी, मला विचार!"

त्यानं मला विचारलं नाही. उचलला आणि पळाला!

रेश्मानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पेपर उलटा धरला तरी मला कळलं नाही. मग खुर्ची ओढून समोर बसली. "आबा, तुमचं बरोबर आहे. मोटरला व्होल्ट कमी पडले की ती तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढते आणि जळते. पण ही मोटर नाही, चिप आहे. कंपनी लाखो चिपा बनवते, प्रत्येकीला किती पुरतं ते कोण बघत बसणार? एखादी कमजोर निघाली तरी चालावी, म्हणून सगळ्यांनाच जास्त देऊन पाठवतात. मी एकेकीला तपासते. एक व्होल्टच्या वर असतं, थोडं थोडं उतरवत पॉइंट पंच्याऐंशीपर्यंत आणते. तासभर दामटून चालवते. अडकली तर एक पायरी परत वर. काम तेवढंच, ताप कमी, वीज कमी."

मी म्हणलं, "म्हणजे लग्नातल्या पंगतीसारखं? भूक कुणाला किती ते न बघता वाढतच सुटायचं?"

"तसंच समजा. आणि आजपासून तुम्ही गिऱ्हाइकाशी दोनच वाक्यं बोलायची. 'बसा' आणि 'पाणी घेता का'. तिसरं ऐकलं तर घरी बसायचं."

चाळीस वर्षं शिव्या देऊन धंदा केलेल्या माणसाला दोन वाक्यं! पण चूक माझी होती. बसलो गप्प.

*

गप्प बसलं की ऐकायला फार येतं.

चिखलीचे एक शिंदे आले. प्रेसशॉपमध्ये सुपरवायझर. लॅपटॉप न्यायला आले तेव्हा रेश्मानं सांगितलं, आता वीस डिग्री कमी तापतोय, व्होल्टेज उतरवलंय. शिंदेंनी चष्मा वर केला.

"उतरवलं म्हणजे काढलं ना मॅडम?"

"हो, जास्तीचं होतं ते काढलं."

"मग दाखवा की."

"काय?"

"काढलेलं. गॅरेजला गाडी टाकली तर क्लचप्लेट बदलली की जुनी हातात देतात. पद्धत आहे. तुम्ही माझे व्होल्ट काढले, ते कुठायत?"

मला तिसरं वाक्य इतकं आलं होतं तोंडात, की मी पाण्याचा अख्खा तांब्या रिकामा केला. रेश्मा थंड. तिनं आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख छापले आणि शिंदेंपुढं ठेवले. "हे तुमचे जुने व्होल्ट. हे नवे."

शिंदेंनी दोन्ही कागद उजेडात धरले. "जुन्यांची चढण चांगली दिसती."

"म्हणूनच तापत होता."

मग जुन्याची नीट चौकोनी घडी घातली, पाकिटात ठेवली. म्हणाले, "पुढंमागं लॅपटॉप विकायला काढला, तर ओरिजिनल सोबत दिलेलं बरं!"

*

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात मशिनची पूजा होते हे काही सांगायला नको. लेथपासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू. मीही चाळीस वर्षं वायंडिंग मशिनला हार घातलाय. पण मशिनला कुठं नाक असतं? लॅपटॉपला असतं. हवा आत ओढतो तो.

भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्यानं खंडेनवमीला लॅपटॉप पूजेला मांडला. चालू! कारण बंद मशिनची पूजा करत नाहीत म्हणे. वर कुंकू, हळद, अक्षता, आणि शेजारी फोडलेला नारळ. लॅपटॉपनं सगळा प्रसाद आत ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रेश्मानं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यात तांदूळ. प्रत्येक फेरीला खुळखुळा वाजत होता. ती चिमट्यानं एकेक दाणा काढायला लागली तसा तो माणूस कळवळला.

"ताई, पूजेच्या अक्षता आहेत. अशा काढायच्या नसतात."

"काढल्या नाहीत तर पंखा फिरणार नाही."

"ते खरंय. पण तुम्ही ते व्होल्ट कमी करता ना?"

"करते."

"मग असं करा. अक्षता आत राहू द्या, आणि तेवढ्या मानानं व्होल्ट कमी करा!"

रेश्मानं अक्षता कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या हातात दिल्या, तेव्हा कुठं तो पुढचं करू द्यायला तयार झाला. जाताना लॅपटॉपला नमस्कार करून गेला. रेश्माला नाही!

*

रहाटणीला खोली घेऊन राहणारा एक गेमवाला होता. दिवसा कंपनीत, संध्याकाळी गेम. त्याचा लॅपटॉप असा ओरडायचा की शेजारचे विचारायचे, मिक्सर एवढा वेळ कशाला? रेश्मानं नीट करून दिला. गेम तसाच पळत होता, चित्रं तेवढीच, आणि आवाज अगदी श्वासाएवढा.

दोन दिवसांनी हजर. तोंड पाडून.

"ताई, पॉवर गेली."

रेश्मानं तपासलं. आकडे लावून दाखवले. आधी जेवढा होता त्याहून चार पावलं पुढंच पळत होता, कारण आता तापून रेंगाळत नव्हता.

"आकडे बरोबर असतील ताई, पण मित्र येतात ना खोलीवर. आधी गेम लावला की पंखा सुटायचा, सगळे म्हणायचे, 'भावा, काय मशिन आहे!' आता लावला तर विचारतात, 'चालू झाला का?'"

मी म्हणलं, "पाणी घेता का?" दुसरं काय म्हणणार?

शेवटी रेश्मानं व्होल्टेज कमीच ठेवलं आणि पंखा कायम फुल स्पीडला लावून दिला. आत काही तापत नाही आणि बाहेर बंब सुटल्यासारखा आवाज. इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी तीन मित्र पाठवले. तिघांनीही तेच मागितलं. थंड लॅपटॉप नको होता कुणाला, आवाज पाहिजे होता!

*

सांगवीच्या एक काकू आल्या. सोबत कुणी नाही, हातात लॅपटॉप, तोंडात राग. लॅपटॉप त्यांच्या मिस्टरांचा, आठवड्यापूर्वी आमच्याकडूनच गेलेला.

"बसा," मी म्हणलं.

"बसायला आले नाही. हा बिघडवलाय तुम्ही."

रेश्मानं चालू करून बघितला. छान चालत होता. "काय बिघडलंय काकू?"

"तापत नाही!"

"तेच तर केलंय."

"कुणाला विचारून? हे संध्याकाळी त्यांचं घरांच्या डिझाइनचं काम करून उठले की मी हाच गुडघ्यावर घेऊन बसत होते. मालिका संपेपर्यंत दोन्ही गुडघे शेकून व्हायचे. डॉक्टरला फरक दिसला होता! आता गुडघ्यावर काय ठेवू?"

मी घाबरून म्हणलं, "पाणी घेता का?"

काकू म्हणाल्या, "गरम आहे का?"

*

एक अगदी छोटा सांगतो. एका कंपनीतले टायवाले साहेब आले. लॅपटॉपवर 'वीज वाचवा' सप्ताहाची फिल्म बनवत होते, त्यात लॅपटॉप बंद पडायचा. रेश्मा म्हणाली, व्होल्टेज कमी केलं की विजेचीही बचत होईल.

साहेब म्हणाले, "नको, नको! आत्ता नको. सप्ताह होऊन जाऊ दे!"

*

असे दिवस चालले होते. गिऱ्हाईक येत होतं, पण सुटं सुटं. आज दोन, उद्या कुणी नाही. दिवाळी आली आठवड्यावर. नितीन जेवताना म्हणाला, "सोमवारपासून नवीन बॅच घेतायत. नाव देऊन टाकू का?"

रेश्मानं भाकरीकडेच बघत सांगितलं, "उद्या संध्याकाळी सांगते."

कारण दुसऱ्या दिवशी चाकणला निकाल होता. तिथं एक डाय-डिझाइनचं, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यांचं, ऑफिस आहे, मोठ्या शेडच्या माडीवर. त्यांचे बावीस लॅपटॉप. सगळ्यांना तोच आजार, डिझाइन फिरवून बघायला घेतलं की तापून बंद. मॅनेजर कुलकर्णींनी दोन दिले होते. रेश्मानं दोन्ही साफ केले, दोन्हींची पेस्ट बदलली, पण व्होल्टेज मात्र एकाचंच उतरवलं. म्हणजे फरक कशामुळं ते दिसावं. पंधरा दिवस चालवून बघू म्हणाले. पास झालं तर बावीसही मिळणार, आणि पुढं दर सहा महिन्यांनी देखभाल. तेवढं मिळालं की दुकान पक्कं. नाही मिळालं तर सोमवारची बस.

मी बॅग धरायला म्हणून सोबत गेलो. रिक्षात रेश्मानं बजावलं, "आबा, आज दोन वाक्यंसुद्धा नकोत."

वर गेलो. कुलकर्णी खूश दिसले. म्हणाले, "तुम्ही व्होल्टेज उतरवलेला एकदाही बंद पडला नाही. दुसरा चार वेळा पडला. पण श्रेय कुणाचं, हा प्रश्न आहे."

शेजारी मेंटेनन्सचे कोंडिबा उभे होते. त्याच बाजूच्या गावचे, मिशा पांढऱ्या, खिशाला टेस्टर. कंपनी उभी राहिली तेव्हापासून तिथले. ते म्हणाले, "साहेब, बाईंनी व्होल्टेज कमी केल्यालं मला कळलं, आन् मी त्याच दिशी ह्येला स्टॅबिलायझर लावला. न्हाईतर जळालाच असता. गार राहिला तो माझ्या स्टॅबिलायझरनं."

खाली बघितलं तर खरंच! टेबलाखाली उखळाएवढा स्टॅबिलायझर, आणि त्याला लॅपटॉपची बारकी पिन. कुलकर्णी म्हणाले, "म्हणजे बावीस स्टॅबिलायझर घ्यायचे की काय, असा विचार चाललाय."

रेश्माचा चेहरा उतरला. पण बोलली शांतपणे. "सर, स्टॅबिलायझर भिंतीतल्या विजेला असतो. अडॅप्टर ती वीज घेऊन स्वतःच बारीक करतो. मी उतरवलं ते आत, कार्डापाशी. काढा स्टॅबिलायझर आणि चालवा."

काढला. डायचं चित्र फिरायला लावलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. गार.

कोंडिबा म्हणाले, "त्येचा असर आजून आत हाय."

आणि ऑफिसातल्या चार पोरांनी मानाही डोलावल्या! डिग्रीवाली पोरं! कुलकर्णी घड्याळ बघायला लागले. रेश्मानं तापमानाचे आकडे काढून दाखवले, तर कोंडिबा म्हणाले, "आकडं बाईंच्याच सॉफ्टवेअरचं." मग माझ्याकडे वळले. "आबा, तुमी रिवायंडिंगवालं ना? आमच्या कंप्रेसरची मोटर तुमीच भरली व्हती. आता तुमीच सांगा. लो व्होल्टेजला मोटर जळती का न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रेश्मानं डोळे मिटले.

खोटं कसं बोलणार? म्हणलं, "जळते."

"ऐकलं का साहेब!"

"पण ह्यात मोटर कुठाय?"

कोंडिबांनी लॅपटॉप उचलून त्याचं बूड दाखवलं. "पंखा हाय की! पंख्याला काय, बैल फिरवतो?"

माणूस कच्चा नव्हता. मला आवडला. पण सून पलीकडे उभी होती, बॅगेचा पट्टा मुठीत आवळून.

मी म्हणलं, "कोंडिबा, सॉफ्टवेअर राहू दे. मीटर राहू दे. आपण मोटर गरम आहे का गार, हे कशानं बघायचो?"

"हातानं. पंजा ठिवायचा आन् आकडं मोजायचं. धापर्यंत ठिवता आला तर मोटर बरी. न्हाई ठिवता आला तर उतरवायची."

"मग ठेवा की. दोन्ही लॅपटॉपवर तेच काम लावा. स्टॅबिलायझर कुणालाच नको. तुमचा पंजा, तुमचे आकडे."

कुलकर्णींनी दोन्हीकडे तीच डाय फिरायला लावली. अर्धा तास तशीच फिरू दिली. चहा आला, चहा संपला. मग कोंडिबांनी बाह्या सरसावल्या. आधी व्होल्टेज न उतरवलेल्या लॅपटॉपवर, वरच्या पट्टीवर, पंजा दाबून ठेवला.

"येक. दोन. तीन. चार..." आणि हात झटकून बोटं तोंडात घातली. "आयला! ह्यो उतरवायचा, साहेब."

मग आमच्या लॅपटॉपवर पंजा ठेवला. "येक. दोन. तीन." दहा झाले. वीस झाले. पोरं कामं सोडून भोवती जमली. पन्नास झाले. कोंडिबा मोजतायत आणि माझ्याकडे संशयानं बघतायत. साठ. सत्तर. कुलकर्णी म्हणाले, "अहो, पुरे!" पण कोंडिबा हात काढीनात. डावा पंजा ठेवून बघितला. मग उलटा हात ठेवून बघितला. शेवटी वाकून गाल लावला.

शंभराला ते सरळ झाले. स्क्रीनवर डाय गरागरा फिरत होती. कुलकर्णींनी रेश्माकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "कोंडिबा, बावीसच्या बावीस खाली नेऊन यांच्या दुकानी न्यायला आपल्या गाडीत ठेवायची व्यवस्था करा."

"ठिवतो की साहेब," कोंडिबा म्हणाले, "पर आदुगर ह्यास्नी ह्यो गारवाला चालू करून दावायला सांगा!"